शाळेतला मास्क: कोणत्या इयत्तेपासून, किती वेळ आणि कधी थांबवायचा?

प्रश्न पुण्यातल्या एका अनुदानित मराठी शाळेच्या मुख्याध्यापिकांचा आहे. बालवाडी ते दहावी, पट १,२०० च्या आसपास. पुन्हा एखादी साथ आली तर शाळेत काय करायचं याची नियमावली त्यांच्या व्यवस्थापन समितीने लिहायला घेतली आणि गाडी मास्कपाशी अडली. काही पालक म्हणतात सरसकट सक्ती करा, काही म्हणतात लेकरांचा जीव गुदमरवू नका. नेमकं काय लिहावं, असं त्या विचारतात.

बाई, आधी उत्तर देते, कारणं मागाहून. साथ श्वासावाटे पसरणारी असेल तरच मास्कचा विषय काढायचा. तशी असेल तर बालवाडीला मास्क नाही. पहिली ते पाचवीला फक्त साथ जोरात असतानाच्या आठवड्यांत, आणि तेही वर्गातल्या बाईंना लक्ष ठेवता येईल तेवढंच. सहावीपासून वर, मोठ्या माणसांना जो नियम तोच. शिक्षक, शिपाई, व्हॅनचे काका यांना मुलांच्या आधी. आणि नियम लागू होईल त्याच दिवशी, तो पुन्हा कधी तपासणार ती तारीख फलकावर लिहायची. शासनाचा किंवा महापालिकेचा आदेश आला तर अर्थातच तो वरचढ. तुमची नियमावली त्या आदेशात जे लिहिलेलं नसतं ते भरून काढायला आहे, आणि विश्वास ठेवा, त्यात बरंच काही लिहिलेलं नसतं.

मी बालरोगतज्ज्ञ आहे. तीसेक वर्षं पुण्यात दवाखाना चालवते आणि करोनाच्या काळात काही शाळांना सल्ला द्यायचं काम माझ्याकडे आलं. त्यामुळे माझी सवय औषधाच्या चिठ्ठीची. चिठ्ठीवर नुसतं औषधाचं नाव लिहून भागत नाही. कोणाला, दिवसातून किती वेळा, किती दिवस, आणि काय झालं तर लगेच बंद करायचं, एवढं लिहिलं नाही तर चिठ्ठी अर्धवट. त्या काळात शाळांची जी परिपत्रकं माझ्या हाती आली, त्यांतल्या बहुतेकांत फक्त औषधाचं नाव होतं: ‘मास्क अनिवार्य’.

‘श्वासावाटे’ हा शब्द मी पहिल्याच वाक्यात का घातला, ते पुण्यात वेगळं सांगायला नको. २०२४ च्या पावसाळ्यात एरंडवण्यापासून झिकाच्या बातम्या सुरू झाल्या; तो डासांचा आजार. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे नसांवर घाला घालून हातपाय लुळे पाडणाऱ्या गियां-बारे आजाराचे, रुग्ण एकदम वाढले. तिथे बोट पाण्याकडे गेलं. त्या आठवड्यांत माझ्याकडे आलेली एक आई मुलाला एकावर एक दोन मास्क चढवून शाळेत पाठवत होती, आणि घरात पाणी टँकरचं, न उकळलेलं. तिला काय बोलणार? साथ म्हणजे मास्क, हे दोन वर्षं आपणच सगळ्यांनी तिच्या डोक्यात भरलं होतं. म्हणून नियमावलीचं पहिलं कलम मास्कचं नसावं. हा आजार पसरतो कशाने, हे विचारणारं असावं.

आता वयाच्या रेषा. त्या मी मनाने आखलेल्या नाहीत. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी ऑगस्ट २०२० मध्ये मुलांसाठी वेगळ्या सूचना काढल्या. ५ वर्षं आणि त्याखालच्या मुलांना मास्कची गरज नाही. ६ ते ११ या वयात परिस्थिती पाहून ठरवायचं: भागात संसर्ग किती आहे, मुलाला मास्क नीट हाताळता येतो का, लक्ष ठेवायला मोठं माणूस आहे का, घरात आजीआजोबा किंवा कोणी आजारी आहे का. १२ पासून पुढे मोठ्यांप्रमाणे. आपल्याकडे केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने जून २०२१ मध्ये जवळपास हेच सांगितलं. अमेरिकेत मात्र २ वर्षं पूर्ण झाली की मास्क, असा सल्ला होता. ही तफावत दाखवून पालक म्हणतात, ‘तुम्हा डॉक्टरांचंच एकमत नाही.’ खरंच नाही. पण ५ वर्षांची रेषा विषाणूकडे बघून आखलेली नाही, मुलाच्या हातांकडे बघून आखली आहे. चार वर्षांचं मूल मास्क चोखतं, ओला करतं, शेजाऱ्याच्या मास्कवरचं चित्र आवडलं तर अदलाबदल करतं, आणि जीव घाबरा झाला तर स्वतः काढेलच याचा भरवसा नाही. डबा खाऊन झाल्यावर कोणाचा मास्क कोणाच्या तोंडावर आहे हे बालवाडीच्या बाईंनाही सांगता येत नसे. असा मास्क रोग अडवत नाही, तो वाटत फिरतो.

सहावी मी मोठ्यांत धरली, हे माझं स्वतःचं ठरवणं. सहावीत ११ आणि १२ अशी दोन्ही वयं एका बाकावर बसतात. एकाला सक्ती आणि शेजारच्याला सवलत असा नियम वर्गात अर्धा तासही टिकत नाही. शाळेत रेषा आखायची ती इयत्तेची, वाढदिवसाची नव्हे.

पालकसभेत कोणीतरी उभं राहून विचारणारच, ‘मास्कने खरंच काही होतं का?’ उत्तर तयार ठेवा, आणि आहे त्याहून पक्कं करून सांगू नका. बांगलादेशात २०२०-२१ मध्ये ६०० गावांत मोठा प्रयोग झाला. त्यांतल्या निम्म्या गावांत मास्क फुकट वाटले, वापरासाठी मागे लागले; उरलेल्या गावांशी तुलना केली. सर्जिकल मास्क दिलेल्या गावांत, लक्षणं असलेला आणि रक्तातून सिद्ध झालेला संसर्ग सुमारे ११ टक्क्यांनी कमी आढळला. कापडी मास्कचा फायदा ठामपणे दाखवता आला नाही. आणि लक्षात घ्या, एवढं करूनही तिथे निम्म्याहून कमी लोकच मास्क नीट घालत होते. पण ती प्रौढ माणसं. शाळांपुरतं बोलायचं तर अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये फेब्रुवारी २०२२ अखेर राज्याची सक्ती उठली. बॉस्टन आणि शेजारच्या एका ठिकाणच्या शाळांनी आपली सक्ती पुढेही चालू ठेवली, आसपासच्यांनी काढली. पुढच्या १५ आठवड्यांत काढलेल्या शाळांत दर १,००० विद्यार्थी-कर्मचाऱ्यांमागे सुमारे ४५ रुग्ण जास्त नोंदले गेले. उलट स्पेनमधल्या कॅटलोनियात ६ वर्षांपासून सक्ती होती आणि ५ वर्षांच्यांना नव्हती. तिथल्या संशोधकांना या दोन वयांमध्ये मास्कमुळे म्हणावा असा फरक सापडला नाही. ही दोन्ही निरीक्षणं, प्रयोग नव्हेत. शाळाशाळांत इतर फरकही असतातच. २०२३ च्या सुरुवातीला कॉक्रेनचा, म्हणजे वैद्यकीय प्रयोग एकत्र करून तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा, आढावा आला, आणि ‘मास्क निरुपयोगी असल्याचं सिद्ध’ असा निरोप आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला. शेवटी कॉक्रेनच्या मुख्य संपादकांनाच खुलासा करावा लागला की आढाव्याचा अर्थ तसा नाही. लोकांना मास्क घालायला लावणाऱ्या उपायांनी संसर्ग कमी होतो का, एवढंच त्यात पाहिलं होतं, आणि उत्तर अनिश्चित आलं होतं.

मी यातून एवढंच घेते. चांगला मास्क तोंडाला नीट बसला तर तो कण अडवतो, यात वाद नाही. साठ मुलांच्या वर्गात तो पाच-सहा तास नीट बसलेला राहत नाही, यातही नाही. मुलांचं वय जितकं लहान, तितकं दुसरं वाक्य पहिल्याला खाऊन टाकतं. म्हणून लहान वर्गांत माझा भर मास्कवर नाही, खिडकीवर आहे.

खिडकीबद्दल जरा सविस्तर, कारण ही गोष्ट पुण्याच्या शाळांत मला फार वेगवेगळी दिसली. पेठांमधल्या जुन्या दगडी इमारतींतल्या शाळा पाहा. उंच छत, समोरासमोर खिडक्या, दाराच्या वर झरोका. पालकांना ती इमारत ‘जुनाट’ वाटते, पण हवेच्या बाबतीत ती नव्या शाळांना मागे टाकते. उपनगरांतल्या काही नव्या शाळांत वर्गांना एसी बसवलेत. भिंतीवरचा साधा एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच थंड करून पुन्हा फिरवतो. चाळीस मुलांनी सोडलेला श्वास तोच तो. अशा वर्गात सगळ्यांच्या तोंडावर मास्क आणि खिडक्यांना पडदे, हे दृश्य मी पाहिलं आहे. मी हातात कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं यंत्र घेऊन फिरत असे. बाहेरच्या हवेत हा आकडा दर दहा लाखांत ४२० च्या आसपास असतो. वर्गात तो ८०० ते १,००० च्या आत राहिला तर हवा खेळती आहे म्हणायचं. बंद वर्गात तास संपेपर्यंत तो चढतच राहायचा, आणि दार व दोन खिडक्या उघडल्या की मधल्या सुट्टीच्या आत उतरायचा. हे यंत्र फार महाग नसतं. एकच घ्या आणि आठवी-नववीच्या मुलांना विज्ञानाचा प्रकल्प म्हणून वर्गावर्गात फिरवायला द्या. खिडक्या कोणत्या उघडत नाहीत, कोणत्या जाळीला रंगाचे थर बसलेत, कोणता पंखा उलट्या बाजूने बसवला तर हवा बाहेर फेकेल, हे ती तुम्हाला सांगतील. थंडीत खिडकीजवळच्या मुलांना स्वेटर घालून बसायला सांगा. पुण्याची थंडी काही काश्मीरची नाही.

दुसरी गोष्ट दिवसाच्या आखणीची. मास्क सगळीकडे सारखाच लागतो असं नाही, आणि सगळीकडे सारखा लावला की नको तिथे राहतो आणि हवा तिथे गळतो. मैदानावर परिपाठ होत असेल तर मास्क कशाला? पीटीच्या तासाला धावताना तर नकोच. घामाने ओला झालेला मास्क कोणाच्याच कामाचा नसतो. प्रयोगशाळेत बर्नर पेटलेला असेल तेव्हा सर्जिकल मास्क जपून, तो प्लास्टिकच्या धाग्यांचा असतो आणि ज्योतीजवळ वितळतो. सभागृहात दारं लावून समूहगीताचा सराव असेल तिथे मात्र मास्कही अपुरा, सराव अंगणातच घ्या. आणि जिथे तो खरोखर हवा ती जागा शाळेच्या नियमावलीत बहुधा नसतेच. ती म्हणजे शाळेची व्हॅन आणि रिक्षा. पावसाळ्यात काचा बंद किंवा पडदे खाली, आत तीन इयत्तांची आणि कधी दोन शाळांची मुलं खेटून, वर काका फोनवर मोठ्याने बोलतायत. वर्गात ज्यांची कधी गाठ पडत नाही ती मुलं तिथे अर्धा तास एकत्र श्वास घेतात. त्या अर्ध्या तासाला पहिलीपासून सगळ्यांना मास्क सांगा, आणि एक काच चार बोटं उघडी.

आणि डबा. सगळ्या परिपत्रकांचं पितळ डब्याच्या सुट्टीत उघडं पडतं. तीन तास मास्क घालून बसलेली साठ मुलं एकाच क्षणी तो काढतात, तोंडं एकमेकांकडे करून वीस मिनिटं खातात, हसतात, एकमेकांच्या डब्यातली चव घेतात. पोषण आहाराच्या खिचडीची रांगही तशीच. यावर उपाय मास्कमध्ये नाही. वऱ्हांड्यात, झाडाखाली, मैदानाच्या कडेला बसवून खायला घाला. जागा नसेल तर निम्मा वर्ग आधी, निम्मा नंतर. एका शाळेने ‘जेवताना बोलू नये’ असं लिहिलं होतं. ज्यांनी ते लिहिलं त्यांनी पाचवीच्या वर्गात कधी डबा खाल्लेला नसावा.

मास्क कोणता, याचं थोडक्यात. तीन थरांचा सर्जिकल मास्क, मुलांच्या मापाचा. खोक्यावर आयएस १६२८९ हा भारतीय मानकाचा क्रमांक पाहा. मोठ्यांचा मास्क मुलाला घातला की गालांशी फटी राहतात आणि हवा तिथूनच ये-जा करते. त्याच्या मधल्या थरावर विद्युतभार असतो, बारीक कण त्याला चिकटतात. तो धुतला की हा गुण जातो, म्हणून सर्जिकल मास्क धुऊन वाळत घालू नये. एन-९५ शाळेत मुलांना सांगू नका. तो चेहऱ्याच्या मापाचा आणि घट्ट बसवलेला असेल तरच त्याचा उपयोग, आणि तसा सहा तास सहन होत नाही. पुढे झडप असलेला मास्क तर नकोच, तो घालणाऱ्याचा श्वास न गाळता बाहेर सोडतो. घरी शिवलेला कापडी मास्क हा नसण्यापेक्षा बरा, पण घट्ट विणीचा आणि तीन पदरी हवा. आणि आपल्याकडे दुचाकीवरून येणाऱ्या ताई-बाई धुळीसाठी तोंडाला जो स्कार्फ गुंडाळतात, तो धुळीपुरता ठीक. शिक्षिकांनी तोच बांधून वर्गावर जाऊ नये, हे लिहून ठेवा. मला ते तोंडी सांगायला अवघड गेलं होतं.

आपली शाळा जूनच्या मध्याला उघडते, म्हणजे पावसात. रेनकोटच्या टोपीतून पाणी ओघळून मास्क शाळेत पोहोचेपर्यंत भिजलेला असतो, आणि भिजलेल्या मास्कमधून श्वास घ्यायला त्रास होतोच. तेव्हा दप्तरात एक सुका मास्क कागदी पाकिटात किंवा छोट्या कापडी पिशवीत. प्लास्टिकच्या पिशवीत ओला कोंबला तर संध्याकाळपर्यंत वास मारतो.

आता ज्या मुद्द्यावर पालक सगळ्यात जास्त भांडतात तो. मास्कमुळे मुलांचा प्राणवायू कमी होतो, हे खरं नाही. प्राणवायू आणि कार्बन डायऑक्साइडचे रेणू मास्कच्या छिद्रांच्या मानाने इतके लहान आहेत की ते सहज आरपार जातात. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर तासन्‌तास तो घालून उभे असतात. दम्याच्या बहुतेक मुलांनाही तो चालतो, ज्याचा दमा आटोक्यात नाही त्याचं त्याच्या डॉक्टरांना विचारावं. गरम होतं, घाम येतो, चष्म्यावर वाफ धरते, कानामागे काचतं. या तक्रारी खऱ्या आहेत आणि त्यांना ‘सवय होईल’ म्हणून झटकू नये. तासातून एकदा रांगेने वऱ्हांड्यात नेऊन पाच मिनिटं मास्क काढून उभं करा, भांडणं अर्धी कमी होतील.

मात्र भाषेचा मुद्दा मी गंभीरपणे घेते, आणि इथे मी काही सहकाऱ्यांपेक्षा वेगळं बोलते. मास्क आवाजातला वरच्या पट्टीचा भाग जास्त दाबतो. स, श, च, ज यांच्यातला भेद तिथेच असतो. मराठीत तर आणखी पंचाईत. चहातला ‘च’ आणि चाकातला ‘च’ लिहायला एकच, बोलायला वेगळे. ‘हे जग’ मधला ज आणि ‘तू जग’ मधला ज कागदावर सारखेच, ऐकायला दोन. पुस्तकातून हे कळत नाही. मूल ते बाईंच्या तोंडाकडे बघून आणि ऐकून उचलतं. ‘ळ’ म्हणताना जीभ कुठे वळते ते बाईंनी तोंड उघडून दाखवल्याशिवाय कसं समजायचं? घरी मराठी बोललं जातं त्या मुलाचं निभावतं. पण आपल्या शाळांत कानडी, तेलुगू, हिंदी बोलणाऱ्या घरांतली कितीतरी मुलं आहेत, ज्यांना मराठी मिळते ती फक्त बाईंच्या तोंडून. म्हणून पहिली-दुसरीच्या बाईंनी उच्चार शिकवायच्या पंधरा मिनिटांत, पहिल्या बाकापासून दोन मीटर मागे सरून, खिडक्या उघड्या ठेवून आणि स्वतःला खोकला-ताप नसेल तर मास्क काढावा, असं मी नियमावलीतच लिहीन. त्या वेळी मुलांनी पाठोपाठ ओरडून म्हणण्याऐवजी आधी बघावं-ऐकावं. ज्या बाईंना मधुमेह किंवा अन्य जोखीम आहे त्यांना हे सांगायचं नाही. त्यांना त्या काळात वरचे वर्ग द्या. ऐकू कमी येणारं मूल वर्गात असेल तर पारदर्शक खिडकीचा मास्क पाहा. त्यातून ओठ दिसतात, पण आवाज आणखी दबतो, तेव्हा सोबत छोटा माईक लागतो. आणि वाचादोषाचे उपचार चालू असलेली, स्वमग्न, किंवा हातांच्या अडचणीमुळे स्वतः मास्क काढू न शकणारी मुलं: यांना सूट, पालकांच्या एका साध्या पत्रावर. प्रमाणपत्रासाठी माझ्या दारात रांग लावू नका. साथीत दवाखाना ही गर्दी टाळायची जागा आहे.

एक गोष्ट मात्र पालकांना आठवण करून द्या. ‘मास्कमुळे आमचं मूल बोलायला मागे पडलं’ असं म्हणणारे पहिली-दुसरीचे पालक मला खूप भेटले. पुण्यातली तारीखवार हकिकत पाहा. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. ४ ऑक्टोबर २०२१ ला शहरात आठवीपासूनचे वर्ग भरले. लहान वर्ग डिसेंबर २०२१ च्या मध्यावर सुरू झाले आणि जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात ओमायक्रॉनमुळे बंद पडले. फेब्रुवारीत पुन्हा उघडले, आणि २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला, राज्यातले निर्बंध उठले, मास्क ऐच्छिक झाला. म्हणजे पहिलीतलं पोर वर्गात मास्क लावून बसलं ते जेमतेम अडीच महिने. शाळाच नव्हती ते जवळजवळ दोन वर्षं. भाषा, लिखाण, चारचौघांत बोलणं मागे पडलं ते घरात मोबाइलसमोर बसून. मास्कचे तोटे मी वर मोजलेच, पण बंद शाळेचं पाप त्याच्या माथी मारू नये. उलट, पालकांना मी असंही सांगते की मास्क आणि उघडी खिडकी यांच्या आधाराने शाळा तीन आठवडे जास्त चालू राहणार असेल, तर तो सौदा मुलाच्या फायद्याचा.

आता शिस्तीचं. एका शाळेत तिसरीतल्या मुलीला मास्क नाही म्हणून दोन तास वर्गाबाहेर उभं केलं होतं. आईने पोटदुखी म्हणून माझ्याकडे आणली, पोटात काही नव्हतं. घरी तिघां भावंडांत पाच कापडी मास्क, पावसात धुतलेले वाळले नव्हते. एवढीच हकिकत. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षेइतकाच मानसिक छळही मना आहे. मास्कसाठी बाहेर उभं करणं, घरी पाठवणं, नावं फलकावर लिहिणं, दंड घेणं हे त्यातच येतं, असं मी मानते, आणि तुमच्या नियमावलीत तसं स्पष्ट लिहा. फाटकाशी शिपाई मावशींकडे मास्कचं खोकं ठेवा. नसेल त्याला मावशी एक देतील, वहीत नाव लिहिणार नाहीत. ज्या कायद्यांखाली असे आदेश निघतात त्यांतला साथरोग कायदा १८९७ चा, प्लेगच्या वर्षातला. सक्ती कशी राबवली तर लोक रोगापेक्षा तिलाच जास्त भितात, हे त्या वर्षी पुण्याने जेवढं पाहिलं तेवढं क्वचितच कुठल्या शहराने पाहिलं असेल.

राहिलं थांबवायचं. चिठ्ठीतला हाच भाग लोक विसरतात. तुम्हाला शहराचे आकडे रोज समजणार नाहीत, पण तुमच्याकडे हजेरीपट आहे, आणि तो वाचायला शिकलात तर तो कुठल्याही यंत्राइतका बोलका. गैरहजेरीपुढे वर्गशिक्षकांनी कारणाचं एक अक्षर लिहायचं: तापासाठी ‘त’, खोकल्यासाठी ‘ख’, बाकी कोरं. शनिवारी एकाने बेरीज करायची. एखाद्या वर्गात ‘त’ आणि ‘ख’ नेहमीपेक्षा अचानक वाढले की त्या वर्गापुरता नियम कडक करा, अख्ख्या शाळेला नको. दोन आठवडे बेरीज नेहमीसारखी आली आणि महापालिकेचा आदेश आड येत नसेल तर पहिली ते पाचवीचा मास्क उतरवा, आणखी दोन आठवड्यांनी वरचा. दर पंधरा दिवसांनी फलकावर तारीख बदलायची. तारीख उलटून गेली आणि कोणी तपासलंच नाही, तर नियम आपोआप रद्द, असं शेवटच्या ओळीत लिहा. समितीच्या बैठका वेळेवर व्हायला याच्यासारखा उपाय नाही.

मास्क उतरवायच्या दिवशी एक गंमत होईल, तिची तयारी ठेवा. २०२२ च्या त्या एप्रिलमध्ये लहान मुलांनी मास्क केव्हाच फेकले, पण आठवी-नववीच्या मुली आणि बरीचशी मुलंही तो काढायला तयार नव्हती. कोणाला मुरुमं आली होती, कोणाला दातांना तारा लागल्या होत्या, कोणाला मिसरूड फुटलं होतं. सहा महिने शेजारी बसलेल्या मैत्रिणीचं नाक-तोंड त्यांनी एकमेकींचं पाहिलंच नव्हतं. एका मुलीने मला सांगितलं, ‘सगळ्यांना वाटतंय मी छान दिसते, तेच राहू दे.’ अशांना काढायची सक्ती करू नका. ‘आता कशाला घातलाय?’ असं वर्गात कोणी विचारायचं नाही, शिक्षकांनी तर नाहीच. महिन्याभरात परीक्षेच्या नादात आपोआप गळतात.

आणि हो, शाळेच्या माळ्यावर २०२१ ची मास्कची खोकी पडून असतील तर ती नियमावलीच्या हिशोबात धरू नका. खोक्यावरची मुदत बघा, दोन-चार मास्क कानाला लावून ओढून पाहा. आमच्या दवाखान्यात ठेवलेल्यांचं इलॅस्टिक हात लावल्यावर तुटत होतं. चित्रकलेच्या बाईंना देऊन टाकले.